कॉर्सेट प्रकल्पाची प्रगती: नाडीचा ताण पेलतो कोण?

कॉर्सेटचा, म्हणजे नाडीने आवळून घालायच्या, ताठ सळ्यांच्या पाश्चात्त्य अंतर्वस्त्राचा, भूतकाळ आणि वर्तमान या विषयावरील माझ्या पदव्युत्तर प्रकल्पातील निम्म्याहून अधिक शिवणकाम आता पार पडले आहे, म्हणून जुन्या काळचे पोशाख हौसेने शिवणाऱ्या मंडळींसाठी ही नोंद लिहीत आहे. प्रकल्पात तीन वस्त्रे आहेत: १७८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये वापरात असलेले ‘स्टेझ’ (कॉर्सेटचे जुने रूप), १८८० च्या दशकातील पोलादी बस्कचे, म्हणजे पुढून अडकवायच्या पोलादी पट्ट्यांचे, कॉर्सेट आणि आजच्या बाजारात मिळणारा कॉर्सेट टॉप. पहिली दोन मी शिवत आहे आणि तिसरे उसवत आहे. कॉर्सेटविषयीचे बहुतेक लेखन एकतर स्त्रीच्या गुलामीपाशी रेंगाळते किंवा तिच्या मोहकतेपाशी. दोन्ही बाजूंनी पुरेसे लिहून झाले असल्यामुळे मी शिवणाऱ्याचा प्रश्न घेतला आहे: नाडी ओढल्यावर जो ताण निर्माण होतो, तो नेमका कोण पेलतो? कापड, सळ्या, शिवण, की घालणारीचे अंग? हे उत्तर प्रत्येक काळात बदलत गेले आणि त्याबरोबर कॉर्सेटचा आकारही बदलला, असे मला दाखवायचे आहे.

सर्वांत जुन्या नमुन्यांकडे मी केवळ ओझरते पाहिले. म्युनिकच्या बव्हेरियन राष्ट्रीय संग्रहालयातील, १५९८ मध्ये जर्मनीतील नॉयबुर्गच्या राजघराण्यातील स्त्रीबरोबर पुरलेली चोळी, आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमधील, इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिच्या १६०३ सालच्या अंत्ययात्रेतील पुतळ्यासाठी शिवलेली चोळी, या दोन्हींची मापे अभ्यासकांनी बारकाईने घेतलेली आहेत. मात्र त्या शिवणे हा वेगळाच प्रकल्प होईल.

स्टेझचे काम मात्र मनासारखे रमून केले. अठराव्या शतकातील या वस्त्राला कंबर आवळण्यात फारसा रस नव्हता. धडाला उलट्या शंकूचा आकार द्यावा, पोटावरची बाजू सपाट ठेवावी आणि छाती वर उचलून धरावी, हा त्याचा मुख्य हेतू. त्यासाठी कापडाच्या थरांमध्ये टिपा मारून अरुंद नेफे करत आणि त्यांत व्हेलच्या वरच्या जबड्यातील पट्ट्या बसवत. या पट्ट्या आपल्या नखांप्रमाणेच केराटिनच्या असतात. त्यांचे तंतू लांबीच्या दिशेने सरळ जात असल्याने त्या हव्या तितक्या बारीक चिरता येत, आणि अंगाच्या उबेने किंचित नरम होऊन घालणारीच्या बांध्याचा आकार धरत. आज तो माल वापरण्याचा प्रश्नच येत नाही. जर्मनीत बनणाऱ्या कृत्रिम पट्ट्या गुणाने त्याच्या सर्वांत जवळच्या मानल्या जातात, परंतु त्या परदेशातून मागवणे विद्यार्थ्याच्या खिशाला परवडत नाही. म्हणून जगभरचे हौशी कारागीर करतात तेच मी केले आणि पुण्याच्या बोहरी आळीतून ४.८ मिमी रुंदीचे जाड केबल टाय आणले. त्यांची डोकी कापून, टोके गोलसर घासून घेतली की ६ मिमीच्या नेफ्यात ते नेटके बसतात. एका दिशेला लवचीक आणि दुसऱ्या दिशेला ताठ हा व्हेलच्या पट्टीचा गुण त्यांत आहे. बांध्यानुसार वळण घेण्याचा गुण त्या मानाने कमी आहे, आणि तुलना करताना तो फरक मी स्वतंत्र नोंदवत आहे.

सळ्यांची दिशा हा या वस्त्राचा प्राण आहे. पुढच्या मध्यभागी त्या उभ्या असतात, तिथून बाजूंकडे जाताना पंख्यासारख्या तिरप्या होतात, आणि छातीच्या वरच्या कडेला गोलाई यावी म्हणून काही नमुन्यांत आतून आडव्या, वाकवलेल्या पट्ट्याही शिवलेल्या दिसतात. कमरेखाली कापडाला चिरा देऊन झालरीसारख्या जिभा ठेवतात. त्या नितंबांवर पसरतात, त्यामुळे खालची कड अंगात रुतत नाही. मांजरपाटाची कच्ची प्रत अंगावर चढवून वर घागऱ्यासारखे जड पेटीकोट बांधल्यावर मला एक गोष्ट लख्ख समजली. त्या काळी हे सारे ओझे कमरेभोवतीच्या नाड्यांवर लटकत असे, आणि स्टेझ घातले की त्या नाड्या मांसात न रुतता त्यांचा भार सळ्यांवर पसरतो. पेटीकोटांशिवाय केवळ स्टेझ घालून आरशासमोर उभे राहणारी आजची व्यक्ती ‘हे किती गैरसोयीचे’ असे म्हणते, तेव्हा ती अर्ध्याच पोशाखाचा न्याय करत असते.

आता नाडीकडे वळते, कारण माझ्या प्रश्नाचे मूळ तिथेच आहे. स्टेझची नाडी एकच असते. तिचे एक टोक खाली गाठ मारून पक्के करतात आणि दुसरे टोक नागमोडी वर नेतात, त्यासाठी दोन्ही बाजूंची छिद्रे एकमेकांसमोर न पाडता थोडी वरखाली पाडावी लागतात. या पद्धतीत ताण पाठीच्या संपूर्ण उंचीवर वाटला जातो आणि नेमक्या कमरेपाशी जोर लावणे अवघड जाते. एकोणिसाव्या शतकातील कॉर्सेटमध्ये नाडीची वीण फुलीसारखी आली आणि कमरेच्या रेषेवर दोन्ही बाजूंना ओढण्याजोगे फास मोकळे ठेवण्याची पद्धत रुळली. तेव्हा कुठे ओढणाऱ्याला कंबर हे लक्ष्य मिळाले.

पॅरिसमध्ये १८२८ साली धातूच्या आयलेटचे (नाडीच्या छिद्राच्या कडेला ठोकायच्या कडीचे) पेटंट निघाले आणि त्यामुळे स्त्रियांना कंबर घट्ट आवळता येऊ लागली, हे वाक्य जवळजवळ प्रत्येक ठिकाणी आढळते. ते तपासण्यासाठी मी एकाच कापडाच्या पट्ट्यांवर दोन्ही प्रकारची छिद्रे केली. एका पट्टीवर आरीने धागे न तोडता बाजूला सारून, कडेने दाट टाके घेऊन हाताने बांधलेली, आणि दुसरीवर कापड कापून ठोकलेली एकभागी आयलेट्स. सामान तोलण्याच्या हुकाच्या काट्याला नाडी अडकवून ओढल्यावर हाताने बांधलेले छिद्र लांबट झाले, पण फाटले नाही. स्वस्त आयलेट मात्र कापडासह निसटून बाहेर आले, कारण त्याखालचे धागे आधीच कापलेले होते. याचा अर्थ एकदाच जोर लावायचा असेल तर जुनी पद्धत मुळीच दुबळी नाही. धातूचा खरा लाभ रोजच्या घर्षणात आहे. नाडी सुळकन सरकते, कड झिजत नाही आणि छिद्र बांधण्यात जाणारे कारागिराचे तास वाचतात. घट्ट आवळण्याचे श्रेय एकट्या आयलेटला देणे मला पटत नाही. दाट विणीचे कूटील कापड, कमरेच्या रेषेवर थरांच्या मधोमध शिवलेली न ताणणारी फीत, पोलादी सळ्या आणि पुढून उघडणारा बस्क, हे सगळे एकत्र आले तेव्हा ते शक्य झाले.

पुढून उघडणारा बस्क मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत कमी कौतुक झालेली वस्तू वाटते. पोलादाच्या दोन पट्ट्या, एकीवर खुंट्या आणि दुसरीवर त्यांत अडकणाऱ्या कड्या, एवढीच ती रचना. १८२९ मध्ये फ्रान्समध्ये तिचे पेटंट निघाले, परंतु शतकाच्या मध्यानंतरच ती सर्रास दिसू लागली. तिच्यामुळे पाठीची नाडी दररोज पूर्ण काढून पुन्हा ओवावी लागत नसे. ती सैल करायची, पुढून कड्या अडकवायच्या आणि स्वतःच हात मागे नेऊन ओढायची. मदतनीस नसलेल्या बाईलाही कॉर्सेट घालता येऊ लागले आणि मग ते मोलकरणींनीही घातले. इंग्लंडमध्ये लेस्टरशायरच्या मार्केट हार्बरो गावातील सिमिंग्टन कारखान्याने शतकाच्या अखेरीस ‘प्रिटी हाउसमेड’ या नावाचे स्वस्त, दणकट कॉर्सेट खास या वर्गासाठी काढले होते. त्यात महागड्या पट्ट्यांऐवजी नेफ्यांत ओवलेल्या सुती दोऱ्यांवर भर होता.

व्हेलच्या पट्ट्या महागल्या तशी पर्यायांची शोधाशोध सुरू झाली, आणि त्यातील विक्षिप्तपणा वाचताना मी वेळेचे भान हरपले हे मान्य करते. अमेरिकेतील ब्रिजपोर्टच्या वॉर्नर बंधूंनी वनस्पतींच्या तंतूंपासून ‘कोरालाइन’ बनवले, तर मिशिगनमधील थ्री ओक्स गावात एडवर्ड वॉरन याने १८८३ मध्ये टर्कीच्या पिसांच्या देठांपासून ‘फेदरबोन’ काढले. अखेरीस बाजी मारली ती पोलादाने, पण पोलाद गंजते आणि त्याची टोके कापड भोसकून बाहेर येतात. म्हणून सळीच्या टोकांवर रेशमी दोऱ्याची जी नक्षीदार भरणी केलेली दिसते, ती शोभेसाठी असली तरी मुळात ते सळी जागच्या जागी डांबून ठेवणारे टाके आहेत.

माझ्या १८८० च्या दशकातील कॉर्सेटचा नमुना कागदावर आखून मांजरपाटावर तपासून झाला आहे. कूटील इथे मिळत नसल्याने घट्ट विणीचे ड्रिल दुपदरी वापरत आहे. प्रत्येक तुकड्यातील ताणा उभा आणि बाणा कमरेभोवती येईल असे ते कापले, म्हणजे तिरप्या दिशेला कापड सैलावण्याचा धोका राहत नाही. आमच्या गल्लीतील शिंपीकाकांना तुकडे दाखवल्यावर त्यांनी बगलेखालच्या शिवणीत जास्त माया (शिवणीपलीकडे सोडलेले कापड) ठेवायला सांगितली आणि त्यांचा सल्ला अगदी मोलाचा ठरला, कारण इथे सगळा खेळ कमरेपेक्षा नितंब आणि छाती यांच्या मापांचा आहे. कंबर आत घेतली की तिथला मऊ भाग वर आणि खाली सरकतो. त्याला जागा ठेवली नाही तर थोडेसे आवळलेले कॉर्सेटही असह्य होते, आणि ठेवली तर त्याहून जास्त आवळलेलेही सुसह्य वाटते.

त्या काळच्या बायकांची कंबर सर्रास १८ इंच असे, या दंतकथेचाही याच टप्प्यावर उलगडा होतो. जिच्यासाठी मी हे शिवत आहे त्या मैत्रिणीची कंबर २८ इंच आहे आणि कॉर्सेट पूर्ण मिटलेल्या अवस्थेत २४ इंच भरते. परंतु पाठीमागे नाडीच्या दोन्ही बाजूंमध्ये २ इंचांची फट ठेवायची असल्याने अंगावर ते २६ इंच होते. जुन्या जाहिरातींत छापलेला आकडा मिटलेल्या कॉर्सेटचा असे, त्यामुळे तो घालणारीच्या कमरेचा मानणे चूक आहे. सिमिंग्टन संग्रहातील १९७ कॉर्सेटांच्या पाहणीत १८ इंचांचे केवळ एक आढळले होते आणि बहुसंख्य २० ते २६ इंचांच्या दरम्यान होते. शिवाय छायाचित्रकार काचेच्या निगेटिव्हवर कंबर खरवडून बारीक करत असत. कंबर बारीक व्हावी म्हणून बरगड्या काढून घेण्याच्या शस्त्रक्रियेच्या कथेला तर कोणत्याही वैद्यकीय नोंदीचा आधार नाही. याचा अर्थ कॉर्सेट निरुपद्रवी होते असा नव्हे. डॉ. लुडोविक ओ’फॉलोवेल यांनी १९०८ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध केलेल्या क्ष-किरण चित्रांत आत ढकललेल्या बरगड्या दिसतात, आणि लंडनमध्ये १८८१ साली स्थापन झालेल्या, सुटसुटीत पोशाखाचा पुरस्कार करणाऱ्या रॅशनल ड्रेस सोसायटीने अंतर्वस्त्रांचे एकूण वजन ७ पौंडांहून अधिक नसावे अशी मागणी करावी, यावरून मूळ ओझ्याची कल्पना येते.

विसाव्या शतकावर अहवालात एकच छोटे प्रकरण असेल. १९०० च्या सुमारास इनेस गाश-सारोत या वैद्यक शिकलेल्या फ्रेंच कॉर्सेटकर्तीने पोटावरचा दाब कमी व्हावा म्हणून सरळ पुढच्या बाजूचे कॉर्सेट आणले. ते अति आवळल्यावर त्यातूनच छाती पुढे आणि नितंब मागे अशी वेडीवाकडी उभी राहण्याची फॅशन निघाली. पुढे रबर आणि १९५० च्या दशकाअखेर लायक्रा हा ताणला जाणारा कृत्रिम धागा आल्यावर ताण पेलण्याचे काम सळ्यांकडून धाग्याकडे गेले.

उसवायला घेतलेल्या आजच्या टॉपमध्ये नेमके हेच दिसले. वर पॉलिएस्टरचे सॅटिन, आत इस्त्रीने चिकटवलेले बकरम, शिवणीच्या मायेत सरकवलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या, पाठीला चेन आणि तिच्यावर निव्वळ शोभेची नाडी. बाजूच्या तुकड्यांत मात्र ताणले जाणारे कापड आहे आणि सगळा भार तेच पेलते. प्लास्टिकच्या पट्ट्या अंगाच्या उबेने कमरेपाशी कायमच्या वाकल्या आहेत. याला नकली म्हणून मोकळे होणे मला सोपे वाटते, पण योग्य वाटत नाही, कारण ब्रिटिश फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवुड यांनी १९८७ नंतर कॉर्सेट पुन्हा बाहेरच्या पोशाखात आणले, तेव्हा त्यांनीही बाजूला लवचीक तुकडे आणि मागे चेन वापरली होती. फरक कारागिरीच्या दर्जाचा आहे. पद्धत तीच आहे.

आता ड्रिलच्या कॉर्सेटवर कमरेची फीत बसवणे, सळ्यांच्या टोकांची भरणी आणि वरखालच्या कडांना तिरप्या पट्टीची गोट एवढे शिल्लक आहे. त्यानंतर मार्गदर्शक बाईंच्या देखरेखीखाली तिन्ही वस्त्रे घालून श्वास घेताना छातीचा घेर किती वाढतो ते मोजायचे आहे. आयलेटचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. मागे वॉशर असलेली, ५ मिमी व्यासाची दुभागी पितळी आयलेट्स पुण्यात किंवा मुंबईत कोणी वापरली असतील, तर दुकान आणि ठोकण्याचा साचा अवश्य कळवावा, म्हणजे पाठीची बाजू तेवढ्यात पूर्ण करता येईल.