सारसाच्या पायाला दिलेलं पाणी

सकाळी वर्कशॉपचं शटर वर केलं आणि सारस आडवा दिसला. नऊ फुटी पक्षी, वजन साधारण 85 किलो, अख्खा भंगारातून उभा केलेला. पंखांची पिसं ट्रकच्या कमानपाट्यांची, मान सायकलच्या चेनची, पोट जुन्या पिंपाच्या पत्र्याचं. एक पाय उचलून दुसऱ्यावर उभा असलेला हा सारस दोन दिवसांनी गोंदियातल्या एका शाळेच्या अंगणात लागणार होता. गोंदियाच्या भातखाचरांत सारस अजून दिसतो, म्हणून शाळेला तोच हवा होता. तिथे हाच पक्षी एखाद्या मुलाच्या अंगावर आला असता, हे मनात आलं आणि पुढचे दोन तास कुणी बोललंच नाही.

वेल्डिंगचा टाका शाबूत होता. त्याच्या कडेपासून जेमतेम दोन मिलिमीटरवर खुद्द पायाचा कमानपाटा तुटला होता. कुठे वाक नाही, ताण नाही. काच तुटावी तसा सरळ. तुटलेला भाग चकचकीत आणि रवाळ. टाका कच्चा असता तर सांधा उकलला असता. इथे सांध्याशेजारचं लोखंड ठिसूळ झालं होतं.

कमानपाट्यात कार्बन साधारण 0.5 ते 0.6 टक्के असतो; साध्या सळईत त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणूनच गावाकडचा लोहार विळा-कोयता पाट्यातून घडवतो आणि लाल तापवून त्याला पाणी देतो, म्हणजे एकदम पाण्यात बुडवतो. पाण्याने धार कडक होते, पण लगेच पुन्हा बेताने तापवून तिचा ठिसूळपणा उतरवावा लागतो. वेल्डिंगमध्ये टाक्याशेजारचा पाटा तसाच लाल होतो आणि भोवतालचं थंड लोखंड ती उष्णता काही सेकंदांत ओढून घेतं. आदल्या संध्याकाळी घाईत, लगेच ग्राइंडर मारता यावा म्हणून, वरून मगभर पाणीही ओतलं गेलं होतं. थोडक्यात, आम्ही सारसाच्या पायाला पाणी दिलं आणि ते उतरवलंच नाही.

भर पावसाळ्यात वेल्डिंग रॉडचं पाकीट आठवडाभर उघडं पडलं होतं, हे दुसरं कारण. रॉडवरच्या लेपातली ओल, गंज आणि तेल यांतून हायड्रोजन सांध्यात शिरतो आणि कडक झालेल्या भागाला आतून तडा देतो. तडा काही तासांनी येतो, कधी दोन दिवसांनीही. संध्याकाळी हातोडी मारून पाहिलेला पाय रात्री तुटला तो त्यामुळे.

आता भंगार आलं की प्रत्येक तुकडा आधी ग्राइंडरला लावतो. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ, फाटे कमी. पाटा आणि बेअरिंग यांच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात. बिडाच्या आखूड आणि मंद लाल. ही पारख दहा सेकंदांची आहे, आणि ती न करता टाका मारणं मला आता अक्षम्य वाटतं.

नवीन पायाचं हाड 32 मिलिमीटरच्या साध्या भरीव सळईचं केलं. नुसत्या पक्ष्यासाठी 25 ची पुरली असती. पण मुलं पंखाला लोंबकळणारच. 30 किलोचं मूल पायापासून 70 सेंटिमीटरवर लटकलं, तर 25 च्या सळईवरचा ताण, ती कायमची वाकेल त्या मर्यादेच्या निम्म्यावर जातो; मूल झोके घेऊ लागलं तर आणखी वर. 32 मध्ये तो 25 च्या निम्म्याच्याही खाली राहतो. पाट्याच्या पट्ट्या या हाडावर फक्त सालीसारख्या चढवल्या.

त्या पट्ट्या जोडतानाही घाई केली नाही. वायर ब्रशने घासून, चकचकीत केलेला भाग निळा दिसेपर्यंत तापवल्या. तो रंग म्हणजे जवळपास 300 अंश. 7018 चे, म्हणजे कमी हायड्रोजन सोडणारे, रॉड आधी भट्टीत 350 अंशांवर तासभर सुकवले. टाके आखूड, आणि प्रत्येक टाक्यानंतर सांधा कोरड्या चुन्याच्या भुकटीत गाडून रात्रभर निवू दिला. पाण्याचा मग वर्कशॉपमधून बाहेर गेला.

बैठकीला ट्रकचा ब्रेक ड्रम होता. तो बिडाचा, साध्या रॉडने जोडला की तडकतो. म्हणून पायाच्या तळाशी 12 मिलिमीटर जाडीची प्लेट जोडली आणि ती ड्रमला चार बोल्टनी आवळली. चेन रात्रभर डिझेलमध्ये भिजवून, घासून, पूर्ण वाळवूनच मानेला लावल्या. कड्यांत ग्रीस उरलं तर टाका पोकळ होतो, बुडबुड्यांची भोकं पडतात. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा मुळात घेतलाच नाही. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. क्रोमचा मुलामा त्याहून वाईट. तसे भाग बोल्टनेच लावायचे. शॉकअबसॉर्बर पायाला शोभून दिसतो, मागणारेही बरेच, पण आत तेल आणि वायू कोंडलेले असतात. तापवला तर फुटतो. आम्ही तो दारातूनच परत करतो.

दोन दिवसांचं काम सहा दिवसांवर गेलं. शाळेला कारण जसंच्या तसं कळवलं. शेवटच्या टाक्यानंतर 48 तास थांबून बारीक तड्यांत शिरणारा भेदक रंग लावला, पुसला, वर पांढरी भुकटी फवारली. तडा असता तर तिच्यावर लाल रेघ उमटली असती. एकही उमटली नाही. मग 40 किलोची सिमेंटची गोणी पंखाला टांगून रात्रभर ठेवली. सकाळी उतरवली आणि पावसाचं पाणी निघून जायला पोटाखाली 8 मिलिमीटरची दोन भोकं पाडून सारस टेंपोत चढवला.