मॉन्गूसमधलं आपलं मुंगूस

रविवारी सकाळी नातवाला घेऊन सेमिनरी हिल्सवर फिरायला गेलो. एक मुंगूस शेपूट फुलवून रस्ता ओलांडून गेलं आणि माझ्या तोंडून लहानपणचं आपसूक निघालं, "मुंगूस मुंगूस, तोंड दाखव, तुला रामाची शपथ!" झुडपात शिरण्याआधी ते क्षणभर थांबलं आणि वळून बघितलं.

"आबाजी, हा तर नेवला आहे," नातू म्हणाला. आमच्या नागपुरात पोरांच्या जिभेवर हिंदी आधी येते. मग टाळ्या वाजवत त्यानं शाळेत शिकवल्याप्रमाणे त्याच्या इंग्रजी नावाचे तुकडे पाडले, "मॉन, गूस. पण गूस तर पक्षी असतो ना?"

मला फार आनंद झाला. त्या पक्ष्याशी याचा काहीच संबंध नाही. शब्द आपलाच, मुंगूस. इंग्रजांनी तो इथून उचलला आणि शेवटाला ओळखीच्या पक्ष्याचं स्पेलिंग चिकटवलं. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर शिवकाळात मुंबई, सुरत, जुन्नर फिरला होता. १६९८ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात हा प्राणी आहे. आफ्रिकेतल्या पट्टेदार मुंगसाचं तर शास्त्रीय नावच मुंगोस मुंगो!

तुकडे दोनच, हे बरोबर. जोर पहिल्यावर, आणि शेवटी स, ज नाही. पण टाळी वाजवताना 'मॉन' असा सुटा न् ऐकू येतो, तो चुकीचा. सलग बोलताना तिथं ङ् येतो, मॉङ्गूस. मराठीत तर आपण विचारही करत नाही; अनुस्वारापुढे ग आला की गंगा, रंग, मुंगूस, सगळीकडे ङ् च.

घरी येऊन त्यानं वही दाखवली. गूसचं गीस होतं म्हणून गृहपाठात त्यानं मॉन्गीस लिहिलं होतं. तर्क चोख होता. पण अनेकवचन मॉन्गूसेस, कारण पक्षी त्यात कधी नव्हताच. त्यानं खोडून नीट लिहिलं.

"आणि मराठीत?"

"मुंगसं."

"ऊ कुठं गेला?"

"माणूस, माणसं. तसाच गेला."

तो जरा थांबला. खिडकीबाहेर बघत पुटपुटला, "कापूस, कापसाला..." आणि पुढचा शब्द शोधू लागला.