स्पीकरचा फोम आणि चाळीस डेन्सिटी

आधीच सांगून टाकतो. जुन्या स्पीकरच्या तोंडावरचा फोम बदलायचा असेल, तर गादीच्या दुकानात जाऊ नका. मी गेलो आणि दोन महिने घालवून बसलो.

स्पीकर मामांचे. मामा जहाजावर होते, सत्तरच्या दशकात त्यांनी जपानहून ही जोडी आणली. खर्ज वाजवणारे बारा इंची वूफर, अक्रोडी रंगाची पेटी, आणि समोर कापडी जाळीऐवजी इंचभर जाडीचा काळा फोम. तेव्हा ही फॅशनच होती. अमेरिकेत जेबीएलने १९७० साली एल-१०० काढला, त्याच्या पुढचा चौकड्या उठवलेला नारिंगी फोम अजून लोक फोटो काढून मिरवतात. आमचा आपला साधा, सपाट.

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या गावभागात पुराचं पाणी चढायला लागलं, तेव्हा आम्ही टीव्हीच्याही आधी हे दोन धोंडे माळ्यावर चढवले. ओल लागू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधले. तिथेच चुकलं. परवाच्या दिवाळीत सोडले तर पेट्या ठणठणीत, फोमला मात्र बोट लावलं की बोट आत आणि काकवीसारखी काळी तार बाहेर. हा फोम पॉलियुरेथेनचा असतो, वय झालं की दमट हवेत आणि उन्हात तो तुटत जातो. मी तर दमट हवा पिशवीतच कोंडून ठेवली होती.

जुना फोम खरवडायला एक दुपार गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त थिनर वापरू नका, पेटीचं पॉलिश जातं. लाकडी फ्रेम काढून अंगणात नेली, जुन्या एटीएम कार्डाने खरवडली, उरलेला चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला.

मग मी फोम आणायला निघालो.

पहिल्याच दुकानात विचारलं, "स्पीकरच्या जाळीला फोम पाहिजे."

"कितीची डेन्सिटी?"

मला काय ठाऊक. म्हटलं, चांगला द्या.

"मग चाळीसची घ्या की सर. दहा वर्षं बसणार नाही."

बसणार नाही हे सोफ्याच्या दृष्टीने मोठं कौतुक. माझ्या स्पीकरवर कोण बसणार होतं? पण माणसाने इतक्या खात्रीने सांगितलं की मी दोन तुकडे कापून घेतले, फेविकॉलच्या एसआरने फ्रेमला चिकटवले, आणि ऐटीत तंबोऱ्याची एक टेप लावली.

आवाज आला, पण गोधडीतून आल्यासारखा. मिरजेचे एक ओळखीचे काका तंबोरे लावतात, त्यांना बोलावलं. ते खुर्चीत बसले, मिनिटभर ऐकलं आणि म्हणाले, "अरे, जवारी कुठे गेली?" तंबोऱ्याची तार घोडीवर घासून जी गुंजते, तीच गायब. मी हाताने एक फ्रेम काढली. जवारी परत आली. लावली, गेली. काकांनी चहाही अर्धाच घेतला.

पुन्हा दुकानात. "आवाज अडतोय" म्हटलं तर दुकानदार म्हणाला, मग बत्तीसची घ्या, ती मऊ असते. घेतली. तीच कथा. तिसऱ्या खेपेला त्याने मला अठ्ठावीसची दाखवली आणि वर म्हणाला, "सर, मशीनमध्येच काहीतरी गडबड असणार. माल एक नंबर आहे." तेव्हा दुकानात उभ्या उभ्या माझा आवाज वाढला, हे कबूल करतो. शेजारी एक बाई उशा घेत होत्या, त्या उशा तिथेच ठेवून निघून गेल्या.

डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन, किलोत. चाळीसचा म्हणजे चाळीस किलो. त्यातून हवा जाते की नाही, याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही. फोम फुगतो तेव्हा आत हजारो बुडबुडे होतात आणि दोन बुडबुड्यांमध्ये पातळ पापुद्रा राहतो. गादीच्या फोममध्ये ते पापुद्रे बरेचसे तसेच असतात. बारीक, उंच सूर त्यांच्यात अडकतात. खर्जाला फारसा फरक पडत नाही, म्हणून पहिल्यांदा ऐकताना नेमकं काय कमी आहे तेच कळत नाही. स्पीकरला लागतो जाळीदार फोम, रेटिक्युलेटेड. कारखान्यात बंद पेटीत वायूचा भडका उडवून किंवा रसायनात बुडवून त्याचे पापुद्रे घालवतात, नुसता सांगाडा उरतो. त्याचं माप पीपीआय, म्हणजे एका इंचात किती भोकं. हे मला दोन महिने उशिरा कळलं आणि त्या दुकानात अजूनही कुणाला कळलेलं नसावं.

दुकानात तपासायला सोपं आहे: तुकडा तोंडाला लावून फुंका. पलीकडे धरलेल्या तळव्याला वारा लागला पाहिजे. चाळीसच्या तुकड्यातून फुंकताना माझे गाल दुखले. जाळीदार तुकडा उजेडाकडे धरला तर आरपार दिसतं.

मिळाला कुठे, तर कुपवाड एमआयडीसीत, कॉम्प्रेसरच्या एअर फिल्टरचं काम करणाऱ्याकडे. काळा, तीस पीपीआय, इंचभर जाड. त्याने विचारलं, "फिल्टर कुठल्या मशीनचा?" स्पीकर म्हटल्यावर हसला, पण तुकडा दिला. मत्स्यालयाच्या दुकानातला स्पंजही चालतो असं सांगतात. मी पाहिला, पण माझ्या फ्रेमएवढा तुकडा तिथे नव्हता.

कापताना कात्री नको, कड दातेरी होते. लांब पात्याचा नवा कटर, खाली प्लायवूड, बाजूला स्टीलची पट्टी, आणि फोम न दाबता पातं लांब ओढायचं. चारी बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर जास्त ठेवा, खाचेत घट्ट बसतो. एसआरची रेघ फक्त फ्रेमच्या लाकडावर ओढा. मी पहिल्या फेरीत फोमलाच फासला होता, तो आत मुरून कडक झाला. रंगाचा स्प्रे तर मारूच नका, भोकं बुजतात आणि पुन्हा चाळीसची डेन्सिटी.

आणि हे खरं तर खरवडण्याआधी सांगायला हवं होतं: कुजका फोम पेटीवरच असताना त्याचा चुरा वूफरच्या शंकूसारख्या पडद्यावर पडतो. तो मऊ ब्रशने झटका. उंच सूर वाजवणाऱ्या ट्वीटरच्या घुमटाजवळ व्हॅक्यूम क्लीनर नेला तर घुमट आत ओढला जाऊन चेपतो. वूफरच्या कडेची गोल पट्टी फोमची असेल तर तीही कुजलेली असेल, पण ते काम वेगळं. माझ्या वूफरची कड चुण्यांच्या कापडाची निघाली, नशीब.

काका परत आले. या वेळी चहा पूर्ण घेतला, टेपची बाजू संपेपर्यंत बसले आणि जाताना फक्त "हं" म्हणाले. मिरजेत याला शाबासकी म्हणतात.

उरलेली काळी पट्टी आईने साबणाखाली ठेवली आहे, पाणी लगेच निथळतं म्हणे. आणि चाळीस डेन्सिटीचे ते दोन तुकडे झोपाळ्यावर घातलेत. बसायला एक नंबर आहेत.