फोन चालवता येतो, तक्रार करता येत नाही

परिस्थितीने मागे पडलेल्या मुलामुलींना कम्प्युटर शिकवायचं काम मी बरीच वर्षं करतोय. कुणी शाळा मधेच सोडलेलं, कुणी संस्थेत वाढलेलं, कुणी घर चालवायला कामाला लागलेलं. आणि दर वेळी कुणीतरी भेटतंच जे म्हणतं की आजकालच्या पोरांना काय शिकवायचंय, ती सगळं शिकूनच जन्माला येतात. २००१ मध्ये मार्क प्रेन्स्की या अमेरिकन लेखकाने 'डिजिटल नेटिव्ह', म्हणजे कम्प्युटरच्या जगातच जन्मलेली पिढी, हा शब्द पसरवला आणि तेव्हापासून हा समज काही हटत नाही. खरं तर पुढच्याच वर्षी एस्टर हरगिटाई या संशोधक बाईंनी लोकांना प्रत्यक्ष कम्प्युटरसमोर बसवून माहिती शोधायला लावली आणि लिहिलं, की इंटरनेट हाताशी आहे की नाही ही पहिली दरी झाली, त्याच्या पुढे दुसरी दरी आहे, म्हणजे हातात आलेल्या गोष्टीतून आपल्या कामाचं काय काढता येतं. पण असलं कोण वाचतं.

माझ्याकडची मुलं दोन मिनिटांत रील कापून, गाणं लावून मोकळी होतात. त्याच मुलाला सांगा की या कागदाचा पीडीएफ कर, २०० केबीच्या आत बसव आणि फॉर्मला जोड, की गाडी अडली. ईमेल आयडी असतो, पण तो कुणीतरी कधीतरी बनवून दिलेला, पासवर्ड त्यालाच माहीत आणि रिकव्हरी नंबरही त्याचाच. मग नोकरीसाठी बोलावणं आलेलं मेलमध्ये पडून राहतं आणि आपण म्हणायचं पोरांना सिरियसनेस नाही!

सेफ्टीचे जे धडे असतात ना, ते बहुतेक स्वतःचा फोन, स्वतःचा नंबर, स्वतःची खोली असलेल्या माणसासाठी लिहिलेले असतात असं माझं स्पष्ट मत आहे. पासवर्ड कुणाला सांगू नका. अरे पण फोनच घरात सगळ्यांचा मिळून एक आहे, भाऊ मेसेज वाचतो, त्याचं काय करायचं? ओटीपी नंबरवर येतो हे ठीक, पण रिचार्ज झालं नाही, नंबर बंद पडला, तर तोच नंबर काही काळाने कंपनी दुसऱ्याला देऊन टाकते आणि तुमच्या अकाउंटचा ओटीपी परक्याच्या हातात. म्हणून मी बॅकअप कोडवर फार वेळ घालवतो. गूगल अकाउंटला टू-स्टेप (म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री) चालू केलं की दहा कोड मिळतात, एक कोड एकदाच चालतो, ते कागदावर लिहून नीट ठेवायचे, फोन गेला नंबर गेला तरी आत शिरता येतं. शेअर केलेल्या फोनवर वेगळं युजर प्रोफाइल करता येतं (सगळ्या अँड्रॉइड फोनवर नाही, पण बऱ्याच फोनवर), तेही दाखवतो. एवढ्यानं प्रायव्हसी मिळत नाही हे मलाही कळतं, थोडी आडोशाला जागा मिळते इतकंच.

आता हक्कांचं. १९८९ चा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार आहे, त्यात कलम १६ खाजगीपणाचं, १३ बोलायचं-मांडायचं, १७ माहिती मिळण्याचं आणि १२ म्हणजे मुलांशी संबंधित गोष्टीत त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचं. हे सगळं ऑनलाइनही लागू आहे असं त्यांच्या समितीने २०२१ मध्ये जनरल कमेंट २५, म्हणजे कराराचा अर्थ उलगडून सांगणारा दस्तऐवज, काढून सविस्तर सांगितलं, आणि ते लिहिताना २८ देशांतल्या ७०९ मुलामुलींना आणि तरुणांना विचारलं होतं. मी हे वर्गात सांगितलं की पहिल्यांदा हसतात. आमचा कसला हक्क, अ‍ॅपवाल्याने ब्लॉक केलं की विषय संपला. अकाउंट बंद झालं तर कारण विचारायचं, अपील करायचं, असं बटण असतं हेच माहीत नसतं. रिपोर्ट केल्यावर काही होत नाही असं त्यांना वाटतं आणि बऱ्याचदा ते खरंही असतं, तरी पण नोंद राहते आणि पुढे पोलिसांकडे किंवा दुसऱ्या यंत्रणेकडे गेलात तर ती उपयोगी पडते. कुणी त्रास देत असेल तर ब्लॉक करायच्या आधी प्रोफाइलची लिंक, युजरनेम, तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यायचा, कारण एकदा ब्लॉक केलं की त्याचं प्रोफाइल बऱ्याचदा आपल्यालाच दिसेनासं होतं.

याला एक अपवाद आहे आणि तो मी तीन-तीनदा सांगतो. अठरा वर्षांखालच्या कुणाचा खाजगी फोटो असेल तर पुरावा म्हणूनसुद्धा तो कुणाला फॉरवर्ड करायचा नाही, मदत करायला गेलेलाच बऱ्याच ठिकाणी कायद्याने अडकू शकतो. त्यासाठी 'टेक इट डाऊन' नावाची फुकट सेवा आहे, २०२३ मध्ये सुरू झाली, अमेरिकेतली एक संस्था चालवते पण कुठूनही वापरता येते आणि नाव सांगावं लागत नाही. फोटो अपलोड होत नाही हे यातलं सगळ्यात महत्त्वाचं. फोन स्वतःच त्या फोटोचा एक आकडी ठसा काढतो, ज्याला हॅश म्हणतात, तेवढाच पुढे जातो आणि यात सामील झालेले प्लॅटफॉर्म तसा फोटो शोधून काढायला बघतात. एन्क्रिप्टेड चॅटमध्ये (जिथे मेसेज फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येतो) मात्र हे पोचत नाही. अठराच्या पुढच्यांसाठी असंच 'स्टॉपएनसीआयआय' आहे, २०२१ पासून.

हे समजावलं की वर्ग एकदम गप्प ऐकतो, आणि नंतर एखादी मुलगी "मैत्रिणीसाठी विचारतेय" म्हणत येते. आपण कोण मैत्रीण विचारायचं नाही. मुली घरी का सांगत नाहीत यात काही गूढ नाहीये, सांगितलं की पहिला फोन काढून घेतात आणि मग क्लासही बंद. मुलं आणि इंटरनेट यावर काम करणारी संशोधक सोनिया लिव्हिंगस्टोन आणि युरोपातल्या तिच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात हे पुन्हा पुन्हा दिसलंय की मुलं जितकं जास्त शिकतात तितक्या संधी वाढतात आणि धोक्याशी गाठ पडायची शक्यताही वाढते, दोन्ही जोडीने येतं. धोका शून्य करायचा म्हणून फोन काढला तर संधीपण शून्य, आणि हे झालेलं मी बघतोय.

मला स्वतःला आवडणारा तास म्हणजे आपला डेटा डाउनलोड करायचा. मोठ्या बहुतेक प्लॅटफॉर्मवर ही सोय आहे, युरोपच्या २०१८ च्या जीडीपीआर या डेटा-संरक्षण कायद्यामुळे ती बरीच पसरली. फाइल यायला वेळ लागतो, एवढ्या डेटाचं इंटरनेट त्यांच्याकडे नसतं, म्हणून मी क्लासच्या वायफायवरच करून घेतो. उघडल्यावर कंपनीने आपल्याबद्दल काय काय अंदाज बांधलेत ती यादी सापडली की जी खिदळाखिदळ होते ती विचारू नका, "मला गोल्फ आवडतो म्हणे!" आणि मग लोकेशनची जुनी हिस्टरी दिसते तेव्हा हसणं थांबतं आणि हे बंद कुठून करायचं असा प्रश्न आपसूकच येतो. पुढच्या बॅचला हा तास पहिल्याच आठवड्यात घेणारे, एक्सेल नंतर बघू.