एकमेकींना टेकलेल्या दोन बोटी

आमच्या पणजोबांचे थोरले बंधू पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेले, ते परतलेच नाहीत. सातारा जिल्ह्यात अशी घरे पुष्कळ आहेत. मिलिटरी अपशिंगे या एकाच गावचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले. त्यामुळे त्या काळाविषयी जे हाती लागेल ते मी वाचत असतो, आणि त्यातूनच प्रशांत महासागरातील गुआम बेटाच्या आप्रा बंदरात बुडालेल्या ‘कोर्मोरान’ या जर्मन बोटीची हकीकत मला समजली.

ही मूळची ‘र्‍याझान’ नावाची रशियन बोट. ज्या ‘एमडेन’ या जर्मन युद्धनौकेने पुढे मद्रासच्या तेलटाक्यांवर तोफा डागल्या, तिनेच ऑगस्ट १९१४ मध्ये हिला पकडले आणि चीनमधील त्सिंगताव बंदरात तोफा चढवून जर्मनांनी तिला लढाऊ बोट बनवले. डिसेंबरात कोळसा संपत आल्यामुळे ती गुआमला आली. बेट अमेरिकेचे होते आणि अमेरिका तेव्हा तटस्थ होती. पुरेसा कोळसा न मिळाल्याने बोट दोन वर्षांहून अधिक काळ तेथेच अडकून पडली. ७ एप्रिल १९१७ रोजी अमेरिका युद्धात उतरल्याची वार्ता बेटावर पोहोचली, तेव्हा कप्तान त्सुकश्वेर्ट यांनी माणसे स्वाधीन करण्याची तयारी दाखवली. बोट मात्र शत्रूच्या हाती न देता त्यांनी स्फोट घडवून ती बुडवली. काही नाविक त्यात दगावले. बाकीच्यांना अमेरिकनांनी पाण्यातून वाचवले आणि मृतांना, ते त्याच दिवशी शत्रू ठरलेले असूनही, लष्करी सन्मानाने बेटाची राजधानी आगान्या येथील नौदल दफनभूमीत पुरले. मी हा भाग पुन्हा पुन्हा वाचला.

१९४३ मध्ये, गुआम जपानच्या ताब्यात असताना, अमेरिकी पाणबुडीच्या माऱ्याने ‘तोकाई मारू’ ही जपानी मालवाहू बोट त्याच बंदरात बुडाली आणि नेमकी ‘कोर्मोरान’ला टेकून विसावली. तीसेक मीटर खोलीवर पाणबुडा आज एका हाताने पहिल्या महायुद्धातील आणि दुसऱ्या हाताने दुसऱ्या महायुद्धातील बोटीला स्पर्श करू शकतो.

‘कोर्मोरान’च्या मृतांचा दिवस ठाऊक आहे आणि जागाही ठाऊक आहे. आमच्या त्या आजोबांची तिथीच घरात कोणाला कळली नाही, म्हणून सर्वपित्री अमावास्येला त्यांच्या नावाचे पान वाढतात. आई ते आजही चुकवत नाही.