विळीवरचा नारळ आणि चिरेखाणीचा उतार

शेणानं सारवलेल्या पडवीत एक विळी, शेजारी फोडलेल्या नारळांच्या वाट्यांची रास, आणि समोर पाटावर बसलेल्या आजी मला सांगतायत, "उजव्या हातानं धर गो. डाव्याचा नुसता आधार दे." कोकणातल्या त्या तीन दिवसांतलं हे दृश्य काही केल्या डोळ्यांसमोरून जात नाही. गेले होते सायकलच्या शर्यतीसाठी. लिहायला बसले ती या नारळांमुळे.

गेल्या एप्रिलमध्ये पुण्याजवळच्या एका टेकडीवर मी पडले. वेग फार नव्हता. पावसाच्या पाण्यानं पडलेल्या जुन्या घळीत पुढचं चाक रुतलं, मी हँडलवरून पुढे फेकली गेले आणि पडताना सगळेच करतात तेच केलं, हात पुढे टेकला. उजव्या मनगटाजवळचं रेडियस हाड चार ठिकाणी फुटलं. आता आत एक प्लेट आणि ७ स्क्रू आहेत.

ऑपरेशन उत्तम झालं. माझा राग आहे तो त्यानंतरच्या सहा आठवड्यांवर. हात प्लास्टरमध्ये असला तरी बोटं हलवत राहायची असतात, कोपर आणि खांदा फिरवत राहायचा असतो. हे त्या रुग्णालयात मला कुणीही सांगितलं नाही. "हाताला जपा", एवढंच. मी जपलं. प्लास्टर निघालं तेव्हा मूठ वळत नव्हती. फिजिओथेरपीच्या पहिल्या दिवशी पकड मोजली, डावी २६ किलो आणि उजवी ६. मग सुरू झाला नमस्कार. छातीसमोर हात जोडायचे आणि तळवे एकमेकांपासून सुटू न देता हळूहळू पोटाकडे खाली आणायचे. माझे तळवे लगेच सुटायचे. रोज शंभरदा हात जोडत होते, आणि शंभरदा ते सुटत होते. डिसेंबरअखेर उजवी २१ किलोवर आली आणि डॉक्टरांनी शर्यतीला परवानगी दिली.

या काळात भेटेल त्यानं मला योलांडा नेफचं उदाहरण दिलं. स्वित्झर्लंडची ही खेळाडू जून २०२१ मध्ये वर्ल्ड कपच्या शर्यतीत पडली, हाताचं हाड मोडलं, आणि साधारण सहा आठवड्यांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये तिनं माउंटन बाइकचं सुवर्णपदक जिंकलं. मला तिच्याबद्दल अपार आदर आहे. पण घरी बसून मूठ वळायची वाट बघणाऱ्या बाईला हे उदाहरण देऊ नका. मला सहा आठवड्यांत भाकरीचं पीठ मळता येत नव्हतं.

ताकद परत आली तरी भीती हातातच होती. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताशी असतो. उतारावर सगळं वजन पुढे येतं, त्यामुळे थांबवायचं मोठं काम तोच ब्रेक करतो. म्हणजे उतारावरचा माझा सगळा भरवसा उजव्या हाताच्या एका बोटावर. लिव्हरचा स्क्रू फिरवून तो ग्रिपच्या जवळ आणला, पुढच्या चाकाला धक्के सोसणाऱ्या फोर्कची हवा थोडी कमी केली, तरी सरावात उतार आला की बोट आपोआप आवळलं जायचं. नऊ महिन्यांत एक मिनिटही मी तो हात विसरले नव्हते. तोंड धुताना, दार उघडताना, झोपेत कूस बदलतानासुद्धा तो आहे हे मला माहीत असायचं.

पुणे ते रत्नागिरी हा रात्रीचा प्रवास सांगण्यासारखा नाही.

तिथून पुढे सायकलवर निघाले. भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड, मुचकुंदीची खाडी, गावखडी, आडिवरे. हा किनाऱ्यालगतचा रस्ता सपाट असेल असं घाटावरच्या माणसाला वाटतं. तसं अजिबात नाही. खाडी आली की उतार, खाडी ओलांडली की चढ, वर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, पुन्हा खाली. जानेवारीतला आंब्याचा मोहोर इतका दरवळत होता की चढावर धाप लागली तरी नाकानंच श्वास घ्यावासा वाटे. पूर्णगडच्या उतारावर मात्र मी दोनदा थांबले. रस्ता चांगला डांबरी, वाहन एकही नाही, तरी थांबले. बोट दुखायला लागलं होतं इतका ब्रेक धरला होता.

शर्यतीचं गाव आडिवऱ्याच्या पुढे आहे. नाव लिहीत नाही, कारण खाली एक तक्रार येणार आहे आणि त्या गावानं मला जे दिलं त्यापुढे ती छोटी आहे.

मुक्काम एका घरी होता. सायकलवरून उतरताच तिथल्या दादांनी माझी पिशवी घेतली. "राहू दे ताई, हाताचं कळलंय आम्हाला." पाण्याचा तांब्या उचलू देईनात. काकूंनी जेवायला चमचा ठेवला. अंघोळीची बादली दादा स्वतः न्हाणीपर्यंत घेऊन गेले. हे सगळं मायेनं चाललं होतं, आणि मला आतून त्रास होत होता. नऊ महिने हेच ऐकतेय. जो तो माझ्या हातातून काहीतरी काढून घेतो. इतक्या चांगल्या माणसांवर चिडल्याबद्दल त्या रात्री मला स्वतःचाच राग आला.

दुसरा दिवस मोकळा होता म्हणून कशेळीला जाऊन आले. कनकादित्याचं देऊळ, लाकडाचा सुरेख सभामंडप. सौराष्ट्रातून आलेल्या व्यापाऱ्याचं जहाज इथल्या समुद्रात अडकलं, त्यानं सूर्याची मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली आणि पुढे ती कनका नावाच्या बाईला सापडली, म्हणून कनकादित्य, अशी कथा सांगतात. हल्ली देवासमोर हात जोडले की मी मनगटाचा कोन बघते. निदान सूर्यासमोर तरी नुसतं उभं राहावं म्हणून डोळे मिटून घेतले.

कशेळीच्याच सड्यावर हत्तीचं कातळशिल्प आहे, जवळजवळ १८ मीटर लांब. जमिनीवर उभं राहून ते एका नजरेत मावत नाही. कडेनं चालत राहिलं की पाय, सोंड, पोटातले मासे आणि पक्षी एकेक करून हाती लागतात. २०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांची नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यातलं हे एक. जांभ्यात कोरलेली ती खोदाई बोटानं चाचपली. कुणाचं तरी मनगट या दगडावर किती दिवस चाललं असेल, हाच विचार डोक्यात.

संध्याकाळी परतले तर पडवीत चार बायका बसलेल्या. दुसऱ्या दिवशी शर्यतीनंतर सत्तर माणसांचं जेवण होतं आणि सोलकढीसाठी वीस नारळ खोवायचे होते. आत्ता खोवून डबे फ्रिजमध्ये ठेवायचे, पहाटे वाटून दूध काढायचं. मी नेहमीप्रमाणे बाजूला बसले. दादांच्या आई, म्हणजे आजी, विळीवर होत्या. वय ऐंशीच्या आसपास. त्यांचं उजवं मनगट बघून मी चमकले. मनगटाच्या जरा वर हाड उचललेलं, जेवायच्या काट्याला बाक असतो तसं. ही ठेवण मी ओळखते. मनगट मोडून वाकडंच जुळलं की हात असा दिसतो.

"आजी, हा हात कधी मोडला?"

"मोठा नातू झाला त्या श्रावणात. पाखाडीवर शेवाळ होतं, पाय गेला. रत्नागिरीला कोण नेतो त्या पावसात? कामट्या बांधल्या, लेप घातला." विळी थांबली नव्हती. खर्र, खर्र. "बारा माणसं घरात. दीड महिन्यानं नारळ घेतला हातात. रडत रडत खोवायची हो मी."

मग त्यांनी मान वर केली. "तुझं काल जेवताना बघत होते. वाटी डाव्या हातानं, भांडं डाव्या हातानं. त्या हाताला अगदी पाहुण्यासारखं मांडीवर बसवून ठेवतेस. कायतरी काम करायला लाव त्याला." आणि सरळ विळीवरून उठल्या. काकू म्हणाल्या, "अहो आई, उद्या शर्यत आहे त्यांची." आजींनी ऐकलं नाही.

मी बसले. विळीच्या पाटावर एक पाय घेतला, वाटी दोन्ही हातांत धरली आणि खवणीच्या दातांवर टेकवली. सवयीनं सगळा जोर डाव्या हाताचा. तेव्हाच त्यांनी ते सांगितलं, उजव्यानं धर म्हणून. वाटी दाबून खाली ओढायची, ओढताना जराशी फिरवायची. दाब येतो तळव्याच्या मनगटाकडच्या भागावर. मनगट मागे झुकतं, मग पुढे येतं, आणि या सगळ्यात बोटांनी गोल करवंटी घट्ट पकडलेली असते. नऊ महिने ज्या हालचाली एकेकट्या करत होते, त्या सगळ्या या एका कामात होत्या. पहिल्या वाटीला चव, म्हणजे खोवलेलं खोबरं, तुकड्यातुकड्यांनी पडला. खवणी करवंटीला लागली तेव्हा आजींनी बोटानं थांबवलं, "काळं नको, कढीचा रंग जातो." दुसऱ्या वाटीला हात भरून आला. तिसऱ्या वाटीला हाताखालच्या केळीच्या पानावर पांढराशुभ्र, मऊ चव भुरभुरायला लागला. मी पाच नारळ खोवले. कुणी 'राहू दे' म्हणालं नाही. बाकीच्या तिघी मसाल्याचं आणि उद्याच्या तांदळाचं बोलत राहिल्या. त्यांच्या लेखी मी नारळ खोवणारी आणखी एक बाई होते. मला रडू आलं, ते मी काही लपवलं नाही.

शर्यतीआधी हाताला विश्रांती द्यावी हे मला माहीत आहे. माझ्या फिजिओथेरपिस्टला अजून हे सांगितलेलं नाही.

आता तक्रार. पहाटे ६ वाजता शर्यतीच्या सड्यावर दोन मोठे स्पीकर सुरू झाले. सड्यावर दंव पडलेलं, पिवळ्या गवतात टिटव्या, समुद्राची रेघ लांबवर नुकती उजळतेय, आणि छाती हादरवणारं संगीत. आयोजक मंडळी जीव ओतून राबत होती. कातळशिल्पांचा भाग दोरी लावून पूर्ण वगळला होता, याबद्दल त्यांचं मनापासून कौतुक. मग आवाजाचाही तेवढाच विचार करा ना. त्या सड्याला स्पीकरची गरज नाही.

फेऱ्या चार, प्रत्येक ६ किलोमीटरची. आधी उघडा सडा, मग गडग्यालगतची, म्हणजे रचलेल्या दगडांच्या कुंपणालगतची, काजूतली वाट, मग बंद पडलेली एक चिरेखाण, तिथून खाली ओढा आणि परत चढ. कोरडा जांभा टायरला छान धरतो, त्यावरची सुटी खडी मात्र धरत नाही, आणि सकाळी दंवानं ओला असला की कातळसुद्धा निसटतो. बांधकामासाठी जांभ्याचे चिरे कापून नेलेल्या खाणीत जमीन पायऱ्यांची उरते. तिथून उतरायला दोन वाटा होत्या. एक सरळ, कमरेएवढ्या पायरीवरून, आणि दुसरी वळसा घालून. मी चारही वेळा वळसा घेतला. ते आदल्या दिवशी पायी फिरतानाच ठरवलं होतं. प्रत्येक फेरीला वीसेक सेकंद गेले. त्याची खंत नाही. ती पायरी पुढच्या वर्षीही तिथेच असेल.

पहिल्या फेरीत बोट आवळलेलंच. ओढ्याच्या उतारावर मागून आलेल्या दोघी पुढे गेल्या. दुसऱ्या फेरीपर्यंत ऊन आलं, दंव सुकलं आणि हात आदल्या संध्याकाळसारखा भरून आला, तोच दुखरा, काम केल्याचा भार. चढाच्या माथ्यावर पाणी द्यायला शाळेतली मुलं उभी होती. सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मला डावीकडून द्या. एक लहानगा उजवीकडे उभा राहिला होता, कोकम सरबताचा पेला पुढे करून. मी पेला घेतला, प्यायले, पुढच्या पोराकडे टाकला आणि काजूत शिरले. गडग्याच्या वळणावर लक्षात आलं की पेला मी उजव्या हातानं घेतला होता, आणि त्या क्षणी हँडल एकट्या डाव्या हातात होतं. म्हणजे माथ्यापासून इथवर मी हात विसरले होते.

तिसरी फेरी मी मनासारखी चालवली. ओढ्याचा उतार एका बोटावर, ब्रेक हवा तेव्हा धरला आणि हवा तेव्हा सोडला. सोडता आला, हे महत्त्वाचं. पुढे गेलेल्या दोघींपैकी एकीला चौथ्या फेरीत चढावर गाठलं. सात जणींत पाचवी आले. पडायच्या आधी अशाच एका शर्यतीत दुसरी होते. पुन्हा दुसरी यायचंय, आणि ते मला मनापासून हवंय.

जेवायला भात, कुळथाचं पिठलं, फणसाचे पापड आणि सोलकढी. तीन पेले प्यायले. मनगट सुजलं होतं, संध्याकाळपर्यंत बर्फ लावावा लागला.

निघताना आजी दोन नारळ घेऊन आल्या. "सोलून देऊ की तसेच नेशील?" तसेच द्या म्हटलं. दादा पिशवी उचलायला पुढे आले, तर आजींनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. पिशवी मीच उचलली.

पुण्यात माझ्याकडे टेबलाला चिकटवून दांडा फिरवायची खवणी आहे. तिच्यावर मनगटाला कामच पडत नाही. रविवारी तुळशीबागेत जाऊन विळी आणायची आहे. नारळ तोवर तसेच ठेवलेत.