पुण्यात रिसेल फ्लॅट: टोकन देण्याआधीचा सरकारी हिशेब

रिसेलचा फ्लॅट घेताना किमतीवर घासाघीस आठवडाभर चालते, आणि सरकारला किती द्यायचं ते वकील सगळ्यात शेवटी सांगतो. मी क्रम उलटा ठेवला. आधी सरकारी आकडा कागदावर काढला, मग किमतीचं बोलणं केलं आणि त्यानंतर टोकन दिलं. पुढचे दर पुणे महापालिका हद्दीतले, २०२५-२६ चे आहेत.

हा आकडा एवढा मोठा का, ते आधी. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि स्वतः दर ठरवता येतील असे मोजकेच मोठे कर राज्याकडे उरले: पेट्रोल-डिझेल आणि मद्यावरचा कर, वाहन कर, मुद्रांक शुल्क. १० मार्च २०२५ रोजी अजित पवारांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी रुपयांची होती, राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार कोटींच्या पुढे. लाडकी बहीण योजनेला ३६,००० कोटी ठेवले होते. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभर रुपयांच्या स्टॅम्पची बरीच कामं पाचशेवर नेली होती. १ एप्रिल २०२५ ला रेडी रेकनरही (शुल्कासाठी सरकारने ठरवलेले मिळकतींचे दर) वाढलं. २०२२ नंतरची ही पहिलीच वाढ, पुणे महापालिकेत सरासरी ४.१६ टक्के. शुल्काच्या टक्क्याला हात न लावता वसुली वाढवायची तर रेडी रेकनर हा सगळ्यात सोपा रस्ता आहे. म्हणून घर घेणाऱ्याने दर एप्रिलला तो तक्ता बघायलाच हवा.

पुण्यात पुरुष खरेदीदाराला ७ टक्के लागतात: मूळ मुद्रांक शुल्क ५, स्थानिक संस्थेचा अधिभार १, मेट्रोसाठीचा १. मेट्रोचा टक्का १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. व्यापाऱ्यांवरचा एलबीटी (स्थानिक संस्था कर) ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेकांसाठी संपला, पण त्याच्या नावाचा टक्का घरखरेदीवर अजून आहे. मुंबईत तो नाही, म्हणून तिथे ६ टक्के. घर फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावावर असेल तर १ टक्का कमी. नवरा-बायको दोघांची नावं घातली की ही सवलत जाते. सुरुवातीला अट होती की असं घर १५ वर्षं पुरुषाला विकायचं नाही. ती २०२३ मध्ये काढली. नोंदणी फी १ टक्का, पण ३०,००० रुपयांवर थांबते. मुद्रांक शुल्क मात्र कुठेच थांबत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. नोकरीसाठी किंवा आईवडिलांजवळ राहण्यासाठी जो घर बदलतो, त्याला प्रत्येक वेळी पूर्ण ७ टक्के पुन्हा मोजावे लागतात, आणि म्हणून कितीतरी लोक गैरसोयीच्या घरातच राहतात.

आता सरकारी मूल्य. शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरचं मूल्य यांपैकी जे जास्त त्यावर लागतं, त्यामुळे दोन्ही काढायची. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर गाव किंवा पेठ, मग सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर टाकला की त्या मूल्य विभागाचे दर दिसतात: खुली जमीन, निवासी सदनिका, कार्यालय, दुकान, सगळे प्रति चौरस मीटर. चूक इथेच होते. एकाच रस्त्याच्या दोन बाजू दोन विभागांत असू शकतात, म्हणून सर्व्हे नंबर विक्रेत्याच्या जुन्या इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) वरून घ्या, एजंटच्या तोंडून नको.

दर बांधीव, म्हणजे भिंतींसह मोजलेल्या क्षेत्राला लागतो. करारात रेरा (गृहप्रकल्पांचा कायदा) नुसारचं चटई क्षेत्र, म्हणजे घराच्या आतलं वापराचं क्षेत्र असेल तर १.१ ने गुणायचं. जुन्या इमारतीला घसारा (वयानुसार मूल्यात घट) मिळतो, पण तो पूर्ण दरावर नसतो: सदनिकेच्या दरातून जमिनीचा दर वजा करायचा, उरलेल्यावर घसारा लावायचा आणि जमिनीचा दर परत मिळवायचा. आरसीसी इमारत १० ते २० वर्षांची असेल तर तो भाग ८० टक्के धरतात. उदाहरणासाठी सोपे आकडे घेतो. सदनिकेचा दर ८०,०००, जमिनीचा ३०,०००, इमारत १५ वर्षांची, चटई ६० चौरस मीटर, मजला चौथा. ५०,००० चे ८० टक्के ४०,०००; त्यात ३०,००० मिळवून ७०,०००. बांधीव क्षेत्र ६६ चौरस मीटर, म्हणजे सरकारी मूल्य ४६ लाख २० हजार. लिफ्टच्या इमारतीत पाचव्या ते दहाव्या मजल्याला दर ५ टक्क्यांनी चढतो, अकरा ते वीसला १० टक्क्यांनी. बंदिस्त पार्किंगचं क्षेत्र वेगळं, सदनिकेच्या दराच्या २५ टक्क्यांनी धरतात. इमारतीचं वय सिद्ध करायला भोगवटा पत्र किंवा मालमत्ता कराची जुनी पावती लागते. ती नसेल तर घसारा मिळताना अडचण येते.

ठरलेली किंमत ७२ लाख असेल तर वरच्या उदाहरणात शुल्क ७२ लाखांवरच: ५ लाख ४ हजार, अधिक ३०,००० फी. एकट्या स्त्रीच्या नावावर ४ लाख ३२ हजार. उलट स्थिती, म्हणजे सरकारी मूल्य किमतीहून जास्त, दुखणं वाढवते. फरक किमतीच्या १० टक्क्यांपलीकडे गेला (आणि ५०,००० रुपयांहून मोठा असला), तर तो सगळा फरक आयकरात खरेदीदाराचं उत्पन्न धरतात, आणि विक्रेत्याचा भांडवली नफाही सरकारी मूल्यावरून मोजतात. अशा घराला कमी भाव मिळाला म्हणून खूश होऊ नका, आधी सीएला गाठा.

बँकेचा हिशेब याच टप्प्यावर मांडा. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, आणि १० लाखांवरच्या घरात मुद्रांक शुल्क व नोंदणी फी त्या किमतीत धरत नाही. म्हणजे ७२ लाखांच्या घराला स्वतःचे १४ लाख ४० हजार आणि वर ५ लाख ३४ हजार, एकूण १९ लाख ७४ हजार. वकील, एजंट, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क त्याशिवाय. महापालिका क्षेत्रात सोसायटीला हस्तांतरणाचं अधिमूल्य २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. ते कोणी भरायचं हे टोकनच्या कागदावरच लिहून घ्या. व्यवहार मोडतात ते बहुधा या रोकडीवरून.

विक्रेत्याकडून टोकनआधी मूळ बिल्डर करारापासूनची सगळी साखळी मागितली: प्रत्येक करार, नोंदणीची पावती, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, कर्ज असेल तर बँकेचं पत्र. मधल्या एखाद्या करारावर शुल्क कमी भरलेलं असलं तर तो दोष तुमच्या गळ्यात येतो. कमी पडलेल्या शुल्कावर दंड महिन्याला २ टक्के चढतो, आणि कर्ज देणारी बँक कागद परत करते. शंका असेल तर दस्त मुद्रांक कार्यालयात अभिनिर्णयासाठी देऊन शुल्क अधिकृतपणे ठरवून घेता येतं.

शुल्क भरण्याचं चलन ग्रास या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर काढलं. भरणाऱ्याचं नाव, जिल्हा, दस्ताचा प्रकार आणि मिळकतीचं वर्णन मसुद्याशी अक्षरशः जुळवून पाहा. चुकलं तर शुल्क नव्याने भरून आधीचा परतावा मागत बसावं लागतं. चलन सहीच्या आधी किंवा त्याच दिवशी काढायचं. सहीनंतर नोंदणीला चार महिने मिळतात, आणि मूल्यांकन सहीच्या तारखेच्या दराने होतं. म्हणून मार्चअखेर रांगेत चेंगरायची गरज नाही: ३१ मार्चपर्यंत शुल्क भरून सह्या झाल्या असतील तर नोंदणी निवांत मे मध्ये केली तरी जुनाच दर लागतो. २०२० मध्ये सवलतीचा दर ३१ डिसेंबरला संपत होता, तेव्हा असंख्य पुणेकरांनी हेच केलं.

नोंदणीआधी पब्लिक डेटा एंट्री, म्हणजे दस्ताची माहिती, ऑनलाइन स्वतः भरता येते. इंडेक्स टू तिच्यातूनच तयार होतो, त्यामुळे नावाचं मराठी स्पेलिंग, फ्लॅट नंबर आणि क्षेत्रफळाचं एकक (चौरस फूट की मीटर) तिथेच तपासा. नंतर दुरुस्तीला चूकदुरुस्ती दस्त करावा लागतो. हवेली (पुणे परिसरातला तालुका) इथल्या कुठल्याही सहदुय्यम निबंधक कार्यालयात वेळ घेता येते. सोबत दोन्ही पक्ष, ओळख पटवणारे दोघे, सगळ्यांचं मूळ आधार आणि पॅन. अंगठा उमटत नसेल तर वयस्कर विक्रेत्याला बराच वेळ बसावं लागतं, म्हणून सकाळची वेळ घ्या.

टीडीएसकडे, म्हणजे विक्रेत्याच्या पैशातून कापून भरायच्या आयकराकडे, सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. किंमत किंवा सरकारी मूल्य ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदाराने १ टक्का कापून (२०२५-२६ च्या नियमाने २६क्यूबी फॉर्मवर) भरायचा, ज्या महिन्यात कापला तो संपल्यापासून ३० दिवसांत. टॅन (कर कापणाऱ्याचा वेगळा क्रमांक) लागत नाही. दोन खरेदीदार आणि दोन विक्रेते असले तर प्रत्येक जोडीचा वेगळा, म्हणजे चार फॉर्म. उशिराला दिवसाला २०० रुपये. पैसे कापण्याआधी विक्रेत्याचं पॅन आधारशी जोडलेलं आहे का ते आयकराच्या पोर्टलवर पाहिलंच पाहिजे: ते निष्क्रिय निघालं तर दर २० टक्के होतो आणि नोटीस तुम्हाला येते. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर हा १ टक्का लागूच होत नाही. तेव्हा बऱ्याच मोठ्या दराने कापावं लागतं. पुण्यात असे विक्रेते पुष्कळ आहेत.

ताबा घेतल्यावर इंडेक्स टू जोडून मालमत्ता कर आणि महावितरणचं बिल नावावर करायचं. पुणे महापालिकेत स्वतः राहणाऱ्याला करपात्र मूल्यात ४० टक्के सवलत आहे, जी काढून घेतली होती आणि २०२३ मध्ये परत दिली. आधीचा मालक भाडेकरू ठेवत असेल तर ती त्या घराला लागलेली नसते. त्यासाठी पीटी-३ फॉर्म, राहत असल्याचा पुरावा आणि सोसायटीचं पत्र क्षेत्रीय कार्यालयात द्यायचं, आणि शिक्का मारलेली पोच पुढचं बिल दुरुस्त होऊन येईपर्यंत जपून ठेवायची.